महिना आणि क्षण : खरेदीच्या मानसशास्त्राची एक तपासणी

महिन्याच्या वाणसामानाची यादी आणि त्याच सामानाचे बिल शेजारीशेजारी ठेवले, तर दोहोंची लांबी सहसा जुळत नाही. यादीत तूरडाळ, पोहे, रवा, धुण्याचा साबण असतो. बिलात हे सारे असतेच. शिवाय यादीत नसलेल्या पाचसहा ओळी असतात. एखादी वस्तू ‘एकावर एक मोफत’ म्हणून आलेली, एखादी पैसे देण्याच्या रांगेत हाताशी होती म्हणून. या जादा ओळींचा अर्थ लावण्यासाठी गेल्या अर्धशतकात मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवर एक मोठे ज्ञानक्षेत्र उभे राहिले. त्याच्या प्रवर्तकांपैकी डॅनियल कानेमन यांना २००२ मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानांपासून वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांपर्यंत या साऱ्या संशोधनाचा एकच सारांश सांगितला जातो : माणूस स्वतःला समजतो तितका विवेकी नाही, आणि खरेदी करताना तर मुळीच नाही.

या सारांशाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या क्षेत्रातले निष्कर्ष खोटे आहेत असे म्हणायचे नाही. त्यांतले काही फार मोलाचे आहेत. आक्षेप त्यांच्या मापाविषयी आहे. हे शास्त्र खरेदी क्षणाच्या मापाने मोजते : ग्राहक फळीसमोर उभा आहे, हातात वस्तू आहे, समोर किंमत आहे, आणि आता तो काय करतो ते पाहायचे. घर मात्र महिन्याच्या मापाने खरेदी करते. पगार महिन्याचा, भाडे महिन्याचे, दूधवाल्याचा हिशेब महिन्याचा. दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडणाऱ्या घरांत तर हे माप अक्षरशः डोळ्यांसमोर टांगलेले असते. माप बदलले की बिलातल्या त्या पाचसहा ओळींचा अर्थ बदलतो, आणि चूक कोणाची हा प्रश्नही बदलतो.

पाच डॉलरचे कोडे

या क्षेत्रातला एक गाजलेला प्रयोग खरेदीचाच आहे. १९८१ मध्ये एमोस ट्वर्स्की आणि कानेमन यांनी काही लोकांना विचारले : तुम्ही १२५ डॉलरचे जाकीट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घ्यायला निघाला आहात, विक्रेता सांगतो की, हाच कॅल्क्युलेटर गाडीने वीस मिनिटांवरच्या आमच्या दुसऱ्या शाखेत १० डॉलरला आहे. जाल? ६८ टक्के लोक ‘जाऊ’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची फक्त अदलाबदल केली : कॅल्क्युलेटर १२५चा, तिकडे १२०ला, जाकीट १५चे. आता जायला तयार असणारे २९ टक्केच निघाले. वाचणारी रक्कम तीच, फेरा तोच, एकूण खरेदीही तेवढीच. तरी १५ मधले पाच मोठे वाटले आणि १२५ मधले पाच किरकोळ.

थेलर यांनी १९८५ च्या निबंधात याला सिद्धांताचे रूप दिले. त्यांच्या मते खरेदीत दोन वेगळी समाधाने असतात : एक वस्तू मिळाल्याचे, दुसरे व्यवहार जमल्याचे. समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या माणसासाठी मित्र थंड बिअर आणायला निघतो. ती उंची हॉटेलातून आणणार असेल तर लोक साधारणपणे २.६५ डॉलर द्यायला तयार होते, साध्या वाण्याच्या दुकानातून आणणार असेल तर १.५० डॉलर. बाटली तीच, किनारा तोच. बदलली होती ती ‘रास्त किती’ याची मनातली खूण.

या कल्पनेचे बळ पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही. आपल्याकडे १९९० पासून पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापून सुटता येत असे, आणि करांच्या नावाखाली दुकानदार मनाला येईल तेवढे उकळू शकत असे. कायद्याने ग्राहकाला छत दिले. पण छापील आकडा डोळ्यांसमोर आला की तो नुसती मर्यादा राहत नाही, तुलनेची खूण होतो. ‘एमआरपीपेक्षा कमी’ हे शब्द वाचताच व्यवहार जमल्याचे समाधान मिळू लागते. कित्येक बिलांच्या तळाशी ‘आपण वाचवले’ अशी एक ओळ छापलेली असते. ती वाचताना आपण खर्च केलेला आकडा नव्हे, न केलेला आकडा पाहत असतो. छापील किंमत ठरवतो उत्पादक. म्हणजे सवलत किती मोठी दिसावी, हेही काही अंशी त्याच्याच हाती जाते. थेलर यांच्या चौकटीशिवाय हे इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते.

पण हा ‘माणूस’ कोण, हे या प्रयोगांनी फार काळ विचारले नाही. २०१५ मध्ये अनुज शाह, एल्डर शफीर आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी याच जातीचे प्रश्न वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांना विचारले. कमी उत्पन्नाच्या लोकांवर अशा मांडणीचा प्रभाव कमी पडतो, असे त्यांना आढळले. पाच वाचवायचे असतील तर वस्तूची किंमत १५ असो वा १२५, त्यांना ते पाचच दिसतात. संशोधकांचे स्पष्टीकरण सोपे आहे : ज्याच्याकडे पैसा अपुरा आहे, तो प्रत्येक रकमेसमोर ‘यात दुसरे काय आले असते’ हा प्रश्न ठेवतो. आपल्या भाषेत, तो क्षणाची किंमत महिन्याशी ताडून पाहतो. ज्याला मनुष्यस्वभाव म्हणून सांगितले गेले, तो बऱ्याच अंशी ज्याच्या महिन्यात ऐसपैस जागा आहे अशा माणसाचा स्वभाव होता.

यावरून गरिबी माणसाला शहाणे करते, असा गोड निष्कर्ष काढू नये. मुल्लयनाथन आणि शफीर यांनी इतरांसह तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तेच शेतकरी उसाचे पैसे हाती येण्यापूर्वीच्या ओढगस्तीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत, पैसे आल्यावर सुधारत. महिना किंवा हंगाम सतत डोळ्यांसमोर ठेवणे हे काम आहे, आणि ते माणसाला थकवते. दुकानातल्या निवडीला ‘अविवेक’ म्हणणाऱ्यांनी या थकव्याचाही हिशेब मांडायला हवा.

चोवीस जॅम आणि एक सल्ला

दुसरा आक्षेप आहे तो प्रयोगापासून सुभाषितापर्यंतच्या प्रवासावर. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग खरेदीवरच्या जवळपास प्रत्येक लोकप्रिय पुस्तकात भेटतो. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील एका उंची किराणा दुकानात चाखण्यासाठी कधी २४ तर कधी ६ प्रकारचे जॅम मांडले. चोवीस असताना जवळून जाणारे ६० टक्के लोक थांबले, सहा असताना ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी खरेदी केली ती अनुक्रमे ३ टक्के आणि ३० टक्के लोकांनी. यावरून ‘पर्याय वाढले की माणूस गोठतो’ हे सूत्र जगभर गेले.

मूळ निबंधातला एक तपशील मात्र सूत्राबरोबर गेला नाही. स्ट्रॉबेरी, रासबेरी यांसारखे नेहमीचे स्वाद प्रयोगकर्त्यांनी मुद्दाम वगळले होते, म्हणजे लोक सवयीने ओळखीचाच जॅम उचलणार नाहीत. प्रयोगाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण घरची खरेदी चालते तीच सवयीवर. कोणता गहू, कोणता चहा, कोणते तेल हे फळीसमोर ठरत नाही. ते कधीच ठरलेले असते, आणि कित्येकदा आजीच्या काळात ठरलेले असते. दुकानात चोवीस तेले असली तरी अशा घरापुरते तिथे एकच तेल असते. सवय काढून घेतल्यावर माणूस गोंधळला, यातून सवय किती उपयोगी आहे हेच सिद्ध होते.

पुढे २०१० मध्ये बेन्यामिन शाइबेहेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे ५० प्रयोग एकत्र तपासले. पर्यायांच्या ओझ्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आला : कुठे ओझे दिसले, कुठे जास्त पर्याय उपकारक ठरले. २०१५ मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी आणखी व्यापक पाहणी करून ओझे केव्हा जाणवते त्या अटी मांडल्या. त्यांत एक महत्त्वाची अट अशी : आपल्याला काय हवे हे आधी ठाऊक नसणे. म्हणजे यादी नसणे. शास्त्र अशा रीतीने स्वतःला दुरुस्त करत गेले, ही त्याची प्रतिष्ठा. सुभाषित मात्र होते तसेच छापले जात राहिले.

ब्रायन वान्सिंक यांची कथा याहून गंभीर आहे. कॉर्नेल विद्यापीठातले हे प्राध्यापक खाण्याच्या आणि खरेदीच्या सवयींचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. उपाशीपोटी बाजारात जाणारे लोक जास्त उष्मांकाचे पदार्थ घेतात, हा त्यांच्या नावावरचा एक निष्कर्ष. २०१८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध एका दिवशी मागे घेतले. हा निबंध त्यांत होता. विद्यापीठाच्या चौकशीत संशोधनातील गैरवर्तन आढळले आणि त्यांनी राजीनामा दिला. ‘भुकेल्या पोटी बाजारात जाऊ नये’ हा सल्ला कदाचित बरोबरही असेल. तो कोणत्याही घरात मिळतो. प्रश्न असा की, घरातल्या शहाणपणाला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाल्यावरच आपण त्याला ज्ञान का म्हणतो, आणि शिक्का खोटा ठरल्यावर ते ज्ञान कुठे जाते?

दुकान महिना कसा मोडते

क्षण हे खरेदीचे नैसर्गिक एकक नाही. ते घडवलेले आहे. पूर्वी वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक बाहेर आणि माल आत असे. यादी वाचली जाई, पुड्या बांधल्या जात, आणि यादी हेच बिल होई. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवेचे दुकान काढले. गिऱ्हाईक आत गेले आणि ठरावीक वाटेने साऱ्या मालासमोरून फिरून बाहेर पडू लागले. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. लोक सुरुवातीला ती घेईनात, तेव्हा त्यांनी गाडी ढकलत फिरण्यासाठी पगारी माणसे नेमली. हाताला लागणारी रग ही खर्चाची एक नैसर्गिक मर्यादा होती. ती चाकांनी काढून घेतली. यात ग्राहकाच्या मेंदूत काही बदलले नव्हते; बदलली होती ती दुकानाची रचना.

आपल्याकडे हे काम किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘बिग बझार’ने स्थानिक जाणिवेने केले. ‘इट हॅपन्ड इन इंडिया’ या २००७ च्या पुस्तकात त्यांनी आपली दृष्टी मोकळेपणाने मांडली आहे : चकचकीत, रिकामे दुकान इथल्या सामान्य ग्राहकाला परके वाटते, म्हणून गर्दी आणि थोडी अव्यवस्था मुद्दाम राखायची. मंडईची दाटी ही येथे मांडणीचा भाग झाली. २००६ पासून २६ जानेवारीच्या सुमारास ‘सबसे सस्ता दिन’ सुरू झाला. पगार होण्यापूर्वीच्या, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या मोकळ्या सुट्टीला खरेदीचा सण करण्याची ही युक्ती होती. घराच्या कॅलेंडरवर दुकानाने आपली तारीख लिहिली.

इथे जुन्या वाण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याची उधारीची वही त्याच्याच हातात असे, माप त्याचेच असे, आणि कोणाला कोणता माल दाखवायचा हे तोच ठरवी. स्वयंसेवेने किंमत सर्वांना सारखी वाचता आली, वस्तू हातात घेऊन परत ठेवण्याची मुभा मिळाली. ही मुक्ती खरीच होती. पण वाण्याची वही निदान महिन्याची होती. आज दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपला महिना ठाऊकच नाही. कोथिंबीर, बॅटरी, बिस्किटे अशी प्रत्येक गरज तिथे स्वतंत्र क्षण म्हणून येते, आणि यादी तयार होण्याआधीच फोडली जाते.

पुडी आणि डबा

महिन्याचे माप लावले की पुष्कळसे ‘अविवेकी’ वर्तन वेगळे दिसू लागते. शाम्पूची पुडी हे प्रसिद्ध उदाहरण. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या पुस्तकात तळच्या स्तरातल्या ग्राहकाला बाजारपेठ म्हणून पाहताना पुडीचा गौरव केला. उलट बाजूने, गरीब माणूस सुट्या खरेदीत जास्त मोजतो हा आक्षेप जुना आहे. डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांबद्दल तो १९६३ मध्येच मांडला होता. दोन्ही बाजू दर मिलिलिटरचा भाव पाहतात, आणि आपल्या बाजारात तर शाम्पूची पुडी भावाने बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचीही उदाहरणे आहेत. पण रोजंदारीच्या घरात पुडीचा खरा गुण तिसराच असतो : ती संपते. बाटली घरात असली की पाहुणा, शेजारी, मुले सगळे तिचे भागीदार होतात. पुडी रविवारच्या न्हाणीपुरती असते. मोठा डबा स्वस्त पडतो हे त्या बाईला कळत नाही असे नव्हे. घरातला साठा सांभाळण्याची किंमत तिला आपल्यापेक्षा जास्त चांगली ठाऊक आहे.

डाळीच्या डब्यात दडवलेल्या नोटांचेही तसेच. थेलर यांच्या परिभाषेत हे ‘मानसिक खाते’. पैशाला पैसा न मानता त्यावर चिठ्ठ्या लावण्याची सवय, आणि म्हणून तर्काच्या दृष्टीने एक दोष. थेलर यांना न्याय द्यायचा तर, अशी खाती संयमाला मदत करतात हे त्यांनीही ओळखले होते. १९८१ मध्ये हर्श शेफ्रिन यांच्याबरोबर त्यांनी एकाच मनात बेत आखणारा आणि मोह पडणारा असे दोघे कल्पिले. पण घरात हे दोघे एका मनात राहत नाहीत. बेत आखणारी सासू असते, बाजारात जाणारी सून असते, आणि मोह पडणारा कोणीही असू शकतो. विवियाना झेलायझर यांनी १९९४ च्या ग्रंथात १८७० ते १९३० या काळातल्या अमेरिकी घरांमधला पैसा तपासून दाखवले की, पैशावरच्या या चिठ्ठ्या नात्यांनी लिहिलेल्या असतात : घरखर्चाचा कोणता, तिच्या हक्काचा कोणता, मागून घ्यावा लागणारा कोणता. डाळीच्या डब्यातली नोट हा हिशेबातला दोष नसतो. ती नवऱ्याच्या नजरेआड ठेवलेली, अडीनडीची तरतूद असते.

डॅनियल मिलर यांचे १९९८ चे ‘अ थिअरी ऑफ शॉपिंग’ हे पुस्तक म्हणूनच आपल्याकडे अधिक वाचले जायला हवे. उत्तर लंडनमधल्या एका रस्त्यावरच्या कुटुंबांबरोबर वर्षभर बाजारात फिरून त्यांनी लिहिले. चैनीच्या शोधात भटकणारी बाई त्यांना फारशी भेटली नाही. भेटल्या त्या कोणाला काय आवडते, कोणी काय खायला हवे, यांचा सतत विचार करणाऱ्या, आणि काटकसरीला धर्मासारखे पाळणाऱ्या. प्रयोगाने ग्राहकाला एकटे उभे केले. मिलर यांनी त्याच्याबरोबर घरी जाऊन पाहिले. यादीबाहेरच्या ओळींत मुलासाठी घेतलेली एक वस्तू असते, तेव्हा ती मोह असते की माया, हे फळीसमोरून कळणार नाही.

या सगळ्यात महिन्याचे माप निर्दोष आहे असेही नाही. यादी कोण करतो आणि खर्चाचा जाब कोणाला द्यावा लागतो, यात घरातली सत्ता असते. महिना कित्येक बायकांच्या मानेवरचे जोखडही झाला आहे. क्षणाच्या बाजूने एवढे तरी म्हणायला हवे की, यादीबाहेरची एखादी ओळ ही कधी कधी तिची स्वतःची असते.

कायद्याने बदललेला प्रश्न

तरीही चूक कोणाची या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, कारण त्यावर उपाय ठरतो. दोष ग्राहकाच्या मनात असेल तर उपाय म्हणजे ग्राहकाचे प्रबोधन. दोष रचनेत असेल तर उपाय म्हणजे रचनेवर बंधन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या रचनांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. माल संपत आल्याचा खोटा भास, न मागता टोपलीत सरकवलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्ये, शेवटच्या पानावर उघड होणारे आकार हे त्यांतले काही. यातले बहुतेक सापळे ज्या मानसशास्त्रावर उभे आहेत ते कानेमन आणि थेलर यांनीच समजावले. पण ग्राहक का फसला हे विचारण्यात ही तत्त्वे वेळ घालवत नाहीत; पडद्यावर काय मांडले होते ते विचारतात. अंमलबजावणीचे प्रश्न आहेतच, तरी प्रश्नाची दिशा बदलली हे लहान काम नव्हे.

बंधनाशिवाय दुसरा एक मार्ग महाराष्ट्रात त्याच्या पुष्कळ आधी आखला गेला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदी आणि वितरणाची पद्धत चालवली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, आलेला माल आपणच वाटून घ्यायचा. भावातली बचत हा तिचा दिसणारा फायदा. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, निर्णय फळीसमोर होत नाही. तो घरी, कागदावर, वस्तू नजरेआड असताना होतो. ज्याला आज परिभाषेत ‘आधीच स्वतःला बांधून घेणे’ म्हणतात, ते इथे कोणत्याही परिभाषेविना चालले. तिला मर्यादा आहेत : माल उतरवून घ्यायला आणि वाटायला कोणीतरी घरी लागते, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा बाईच असते. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घराला दहा मिनिटांचे ॲप सोयीचे का वाटते, याचे उत्तर मोहात नाही, या वेळेच्या टंचाईत आहे.

खरेदीचे मानसशास्त्र आपल्या भाषेत लिहायचे तर त्याची साधनेही इथलीच शोधावी लागतील. जॅमच्या प्रयोगाची चौथी आवृत्ती पुण्यात करून फारसे हाती लागणार नाही. पण घरोघरी रोजचा जमाखर्च लिहिलेल्या वह्या आहेत : कोणत्या महिन्यात साखर निम्मी झाली, कोणत्या दिवाळीला फराळाचे तूप डालड्याने भागवले, पगारवाढीनंतर कोणती ओळ पहिल्यांदा उमटली आणि कोणती नोंद कोणालाही न दाखवता ‘इतर’ या शब्दाखाली गेली. एका कुटुंबाची वीस वर्षांची वही हे त्या कुटुंबाच्या मनाचे, कोणत्याही प्रयोगशाळेला न मिळणारे टिपण आहे. या वह्या दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. हा अंक हाती येईपर्यंत यंदाची आवराआवर बहुतेक घरांत झालेली असेल. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी उरली आहे, त्यांनी ती ठेवावी आणि जमल्यास ती लिहिणाऱ्या हाताला तिच्याविषयी विचारून घ्यावे.